ज्याचं जनावर त्याचाच हात

फरहाना कंडक्टरला राग येतो हे मुरुममध्ये कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. लोहाऱ्याच्या गाडीत खिडकीतून पिशवी फेकून जागा धरणाऱ्यांना तर ते चांगलंच ठाऊक आहे. लेकरू कडेवर घेतलेली बाई दारातून चढेपर्यंत जागा पिशवीनं बळकावलेली असते, आणि पिशवीचा मालक मागून पान चघळत, दमादमानं येतो. फरहाना ती पिशवी उचलून मालकाच्या हातात देते आणि बाईला बसवते. वर विचारते, "पिशवीचं तिकीट काढलंय का तुमी?" माणूस पुटपुटतो आणि दांडीला धरून उभा राहतो. अशा बाईला रागीट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. पिशवीवाल्याला मात्र आपल्याकडं कुणीच काही म्हणत नाही, हे एक नवलच आहे.

घरी नवरा झुबेर. बसस्थानकाच्या मागं, घराच्या दारातच दुचाकी दुरुस्त करतो आणि स्वभावानं इतका थंड की समोर भांडण पेटलं तरी आधी हातातला नट घट्ट करून मग वर बघेल. दोघांचा मिळून एक बरोबर माणूस होतो, असं फरहानाची सासू अजीजाबी म्हणते. सासूचं हे म्हणणं फरहानाला मान्य आहे. त्यात आपला वाटा मोठा, एवढंच ती मनात धरून असते.

तर या बाईचा जीव गुंतलाय पत्त्यांत. तीन पानी नव्हे, रमी नव्हे. पैसे लावून खेळणाऱ्यांकडं ती बघतसुद्धा नाही. तिचा खेळ वेगळा आहे. तिच्या वर्गमैत्रिणीचा धाकटा भाऊ रणधीर पुण्याला इंजिनिअर झाला. नोकरी करता करता त्यानं मित्रांबरोबर पत्त्यांचा एक खेळ तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं 'हाट', म्हणजे बाजार. कच्ची पानं घेऊन तो सुट्टीत गावी आला तेव्हा खेळायला माणसं मिळेनात. "आपा, एक डाव बसा," म्हणून त्यानं फरहानाला बसवलं. ती हरली, चिडली आणि म्हणाली, "मांड पुन्यांदा." तेव्हापासून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तिच्या घरच्या बैठकीत हाटचा डाव पडतो. गावातली पोरंपोरी येतात, दोन मास्तर येतात, कधी झुबेरही तेलकट हात पुसून बसतो.

खेळ समजायला अवघड नाही. सगळे सारख्याच फाटक्या पानांनी सुरुवात करतात: थोडी नाणी, एक मोडका गाडा, एक उपाशी शेळी. मधे बाजार मांडलेला असतो. आपली पाळी आली की हातातली नाणी देऊन बाजारातलं पान घ्यायचं आणि आपल्या गठ्ठ्यात घालायचं. गठ्ठा संपला की खेळून टाकलेली पानं पिसायची, म्हणजे घेतलेली पानं पुन्हा आपल्याच हातात येतात. कुणी जनावरं जमवतो, कुणी आडत घालतो, कुणी चहाची टपरी टाकून सगळ्यांना गंडवतो. डाव संपेपर्यंत प्रत्येकाचा गठ्ठा वेगळा झालेला असतो. साध्या पत्त्यांत वाटणारा देईल ते निमूट घ्यावं लागतं. इथं आपला गठ्ठा आपण बांधायचा. फरहानाला हे जे एकदा पटलं, ते कायमचं पटलं.

खेळाच्या पेट्या दुकानांत खपू लागल्या, चाहते मिळत गेले, तसं रणधीरनं जाहीर केलं की पुढच्या पेटीत चाहत्यानं केलेलं एक पान छापायचं, खाली त्याचं नाव घालायचं. चित्र त्याचं, नियमही त्याचाच. परीक्षक तिघं ठरले. एक स्वतः रणधीर. दुसरे हणमंतप्पा सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. अर्ध्या मुरुमच्या हातात पहिली पेन्सिल त्यांनीच दिली. आणि तिसरी फरहाना, कारण तिच्याइतके डाव खुद्द रणधीरनंही खेळले नव्हते. आलेली पानं रणधीरनं छापून आणली, करणाऱ्यांची नावं झाकून. जागा अर्थातच फरहानाची बैठक, आणि डावाला नेहमीची पोरं.

बसल्या बसल्या पहिली खडाजंगी झाली. सरांनी चष्मा लावला, पान उचललं, लांब धरलं, जवळ धरलं आणि गुण लिहायला घेतले. फरहानानं त्यांच्या पुढचा कागद हळूच ओढून घेतला.

"सर, खेळल्याबिगर गुण न्हाय."

"अहो बाई, चित्र दिसतंय की समोर."

"चित्र भिंतीला लावायचं न्हाय. ह्ये पान हातात आलं तर मानूस काय करंल, त्ये बघायचंय."

सरांना ते पटलं नाही, पण अजीजाबीनं चहा आणला म्हणून त्यांनी वाद वाढवला नाही.

आता ती पानं कसली होती ते ऐकाच. एका पठ्ठ्यानं वाढदिवसाच्या फलकावर असतो तसा आपल्या नेत्याचा फोटो लावून 'भाऊंचा आशीर्वाद' नावाचं पान पाठवलं होतं. त्याचा नियम असा की हे पान काढलं की बाकीच्या सगळ्यांनी आपलं सगळ्यात चांगलं पान मुकाट्यानं द्यायचं. फरहाना म्हणाली, "ह्यो खेळ न्हाय, ही रोजची गत हाय." कुणी संगणकाकडून बैल काढून घेतला होता, रुबाबदार होता, फक्त त्याला पाय पाच होते आणि काढून घेणाऱ्यानं ते मोजलेसुद्धा नव्हते. जात खिल्लार की देवणी, हे तर त्या बैलालाही सांगता आलं नसतं. एकानं आठवडी बाजारात राक्षस आणला होता. का आणला, देव जाणे.

आणि एक पान होतं 'सूनबाई'. डोक्यावर पदर, हातात झाडू, गालावर खळी. नियम: प्रत्येक पाळीला फुकट काम करते, कधीच गठ्ठ्याबाहेर जात नाही. रणधीरला हसू आवरेना. सरांनी पदराच्या चुण्यांना मनापासून दाद दिली. फरहानानं ते पान डावात घातलं. ज्याच्याकडं सूनबाई गेली तो जिंकला. पुन्हा मांडला, पुन्हा तोच. तिसऱ्या डावाची वाट न बघता तिनं पान बाजूला सारलं.

"ही दमत न्हाय, रुसत न्हाय, म्हायेरी जात न्हाय. असलं पान आल्यावर दुसरं कुनी कशाला काय घेईल? खेळच मेला की."

"गंमत म्हणून केलंय ओ आपा," रणधीर म्हणाला.

"व्हय, गंमतच की. ह्येच पान हातात धरून बसलेली घरं लई बघितलीत म्या."

तिला राग पान काढणाऱ्याचा आला होता, त्याहून जास्त त्या हसण्याचा. पण रणधीर काही वाईट पोरगा नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि पुढचं पान उचललं.

ते पान पेन्सिलीनं काढलेलं होतं. रंग नाही, चकचकीतपणा नाही. मधे एक पंचा पसरलेला, आणि दोन बाजूंनी दोन मनगटं त्याच्या खाली गेलेली. एका मनगटात चांदीचं कडं. दुसऱ्यात काचेच्या बांगड्या. नाव होतं 'पंचा', आणि खाली नियम: 'आपलं एक जनावर विकायला काढा. घेणाऱ्यानं आणि मालकानं कापडाखाली बोटांनी भाव ठरवायचा. बाकीच्यांनी विचारायचं नाही. ज्याचं जनावर त्याचाच हात.'

जनावरांच्या बाजारात असा सौदा अजूनही कुठं कुठं होतो. दोघं जण कापडाखाली हात घालतात. एक बोट दाबलं तर एक, पंजा धरला तर पाच. हात झटकला तर नाही. तोंडानं आकडा काढायचा नाही, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही.

फरहानानं आपली ओढणी पुढं पसरली आणि सरांना म्हणाली, "घाला हात." सरांचं बालपण कर्नाटकच्या शिवेवर, जनावरांच्या बाजारात गेलेलं, त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी हात घातला. पोरं माना लांब करून दोघांच्या चेहऱ्यांकडं बघत राहिली, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. सरांनी बोट दाबलं, फरहानानं झटकलं. सरांनी दोन दाबली, तिनं तीन मागितली. सर हसले, तीसुद्धा हसली, आणि सौदा झाला. बाकीच्यांना भाव कळेना म्हणून प्रत्येकाचा हिशेब हुकला, आणि तो डाव इतका रंगला की झुबेर गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा राहिला. म्हातारे सर तर लहान पोरासारखे "पुन्हा, पुन्हा" करत होते.

"ह्येच," फरहाना म्हणाली. "दुसरं बघायची गरज न्हाय."

रणधीरलाही तेच वाटलं. सरांनी फक्त एक खोट काढली. "काढणाऱ्याला बाजार नीट ठाऊक नाही. त्या हातात बांगड्या कशाला? तिथं बाईचा हात नसतो." आणि त्यांनी त्या बांगड्यांचे गुण कापले. फरहाना तेव्हा काही बोलली नाही. पहिला नंबर मिळतोय ना, मग बोलून कशाला बिघडवा, असा विचार तिनं केला. हा विचार चुकीचा होता, हे आठवड्याभरानं कळलं.

पुढच्या सुट्टीला रणधीर आला तो जरा अवघडूनच बसला. खेळ ठेवणाऱ्या दुकानदारांना त्यानं ते पान दाखवलं होतं. एकानं कळवलं की घराघरांत हा खेळ सासरे-सुना मिळून खेळतात, तेव्हा पुरुषानं आणि बाईनं कापडाखाली हात धरायचा म्हणजे काय. दुसऱ्यानं लिहिलं, पेट्या परत येतील. पण रणधीरनं पान टाकून दिलं नव्हतं. उलट आपण फार शहाणा मार्ग काढला, या समाधानात तो होता. त्यानं पानाखाली एक ओळ वाढवली होती: 'खेळाडू स्त्री असल्यास तिच्या वतीनं दुसऱ्या पुरुष खेळाडूनं हात घालावा.'

"पान राहतंय, बक्षीस राहतंय, कुणाची तक्रार पण नाही," तो म्हणाला.

सरांनी मान डोलावली. "आणि बाजाराच्या रीतीला धरूनही आहे. बायकांचं जनावर असलं तरी हात पुरुषच घालतो."

फरहानानं ती ओळ पुन्हा वाचली. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"सर, परवा ह्याच बैठकीत तुमी माझ्यासंगं सौदा केला. तवा तुमाला काय झालं का?"

"घरातली गोष्ट वेगळी, बाई. छापलं की चारचौघांत जातं."

"मी चारचौघांतच राहती, सर. रोज गाडीभर मानसांच्या हातात तिकीट देती, सुट्टे घेती. घाईत हाताला हात लागतो. आजवर एकानं म्हणलं न्हाय की बाई, तुमचा हात नको, तुमच्या नवऱ्याला पाठवा. का म्हणलं न्हाय? त्यांना गावाला जायाचं असतं म्हणून. गरज त्यांची असली की माझा हात चालतो. भाव माझा ठरायचा असला की तेवढा बाईचा हात होतो व्हय?"

"आपा, मी तसं म्हणत नाहीये," रणधीर म्हणाला.

"तू तसंच छापतोयस. पान काढून टाक म्हणला असतास तर भांडले असते आन गप बसले असते. पर माझं जनावर दुसऱ्यानं विकायचं, आन म्या दावं धरून बघत उभं ऱ्हायचं, ह्ये तू नियम म्हणून देणार? आन काढणारानं खाली काय लिवलंय? ज्याचं जनावर त्याचाच हात. त्याच्याच खाली तुझी ही ओळ?"

उत्तर नसलं म्हणून माणसं मत बदलतात थोडीच. आपल्याकडं तर उत्तर नसलं की मतदान घेतात. मतदान झालं. दोन विरुद्ध एक. ओळ राहिली. आणि वर रणधीर म्हणाला, "बक्षीस तुमच्याच हस्ते द्यायचं, आपा." ज्या हाताला आत्ताच बाजूला केलं होतं, त्याच हातानं.

झुबेर त्या रात्री जेवताना म्हणाला, "नको जाऊस. सोड."

"मी गेले न्हाय म्हंजे त्यांना मोकळं रानच," ती म्हणाली आणि भाकरी तशीच ठेवून उठली.

कार्यक्रम गावातल्या वाचनालयात होता. फरहानानं ड्युटी बदलून घेतली होती आणि ती वेळेआधीच दारात जाऊन उभी राहिली होती. पंचाचं पान कुणी काढलं ते तिला आता कळलं होतं: हर्षाली नावाची मुलगी, लोहाऱ्याच्या पलीकडच्या गावची, ग्रामपंचायतीत संगणकावर काम करणारी. जीपमधून ती उतरली तेव्हा तिच्याबरोबर तिची आई होती, कडूबाई. नवं लुगडं, पायात जुन्या चपला, आणि लेकीचं बक्षीस बघायला आल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

फरहानानं छापलेलं पान हर्षालीच्या हातात दिलं. हर्षालीनं चित्र बघितलं, मग ओळ वाचली. तिचा चेहरा उतरला.

"ही ओळ माझी न्हाय."

"ठाव हाय मला," फरहाना म्हणाली. "लई भांडले. ऐकलं न्हाय कुनी."

"काय लिवलंय गं?" कडूबाईनं विचारलं. फरहानानं वाचून दाखवलं. कडूबाईनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, एखादी शेजारीण पाण्याची पाळी सांगेल तसं.

"हिचा बाप गेला त्या साली आमची देवणी इकली. माझ्या म्हायेरची गाय व्हती ती, माझीच. बाजारात म्या दावं धरून उभी व्हते. दिरानं पंचाखाली हात घातला. लई येळ चाललं त्यांचं. मग म्हणले, झालं. गिऱ्हाईकानं माझ्या हातातलं दावं काढून घेतलं. दिरानं घरी येऊन पैसं दिलं. त्ये वाईट व्हते असं न्हाय हो बाई. कदाचित समदं दिलं असंल. कदाचित न्हाय. पर गाय कितीला गेली त्ये मला ठाव न्हाय. इचारलं तर म्हणले, माझ्यावर इस्वास न्हाय व्हय? मग म्या पुन्ना इचारलं न्हाय."

हर्षाली म्हणाली, "आईला त्या पानात हात घालू द्यायचा, येवढ्यासाठीच म्या त्ये पान काढलं."

फरहानाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. बांगड्यांचे गुण कापले होते सरांनी. चूक म्हणून कापले होते, आणि आपण समोर बसून ते कापू दिले होते.

आत गर्दी झाली होती. भाषणं झाली, हार झाले. रणधीरनं पहिलं बक्षीस जाहीर केलं आणि पान कसं चालतं ते दाखवायला टेबलावर एक छापील कापड अंथरलं, पेटीत घालायला मुद्दाम करून घेतलेलं. त्यानं हर्षालीला समोर बसवलं, तिच्यापुढं गायीचं पान ठेवलं आणि सभागृहाकडं वळून, अगदी सहज, हसत विचारलं, "हर्षालीताईंच्या वतीनं हात कोण घालणार?"

पाच-सहा हात वर झाले. त्यात एकालाही वाटलं नाही की आधी तिला विचारावं.

"कुनी न्हाय," फरहाना म्हणाली. गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जाणारा तो आवाज होता. वर गेलेले हात आपोआप खाली आले. "म्या परीक्षक हाय. खेळल्याबिगर गुण न्हाय, ह्यो माझा नियम. तुमची नवी ओळ अजून एका बाईनं खेळून बघितली न्हाय. हर्षाली, ऊठ. तुझ्या आईला बसू दे." मग ती रणधीरकडं वळली. "त्यांची एक गाय अशीच इकली व्हती. दिरानं हात घातला, ह्या दावं धरून उभ्या. कितीला गेली, आजपातूर ह्यांना ठाव न्हाय. तूच घे आता इकत. आन त्यांच्या वतीनं हात कुनी घालायचा, त्ये त्यांनाच इचार."

रणधीर उभाच राहिला. हणमंतप्पा सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले, पण पुन्हा डोळ्याला लावला नाही. कडूबाई येऊन बसली. पुढ्यातल्या गायीच्या पानाकडं तिनं बघितलं आणि रणधीरला म्हणाली, "माझी गाय हाय. म्याच घालते."

तिनं हात कापडाखाली सरकवला. रणधीरनं क्षणभर वाट बघितली आणि मग स्वतःचा हात घातला. कापड हललं. कडूबाईनं हात झटकला. रणधीरनं पुन्हा काही दाबलं. तिनं पुन्हा झटकला आणि त्याच्याकडं अशी रोखून बघत राहिली की तोच ओशाळला. मग बराच वेळ कापड संथ राहिलं. शेवटी तिनं मान हलवली.

"ठरलं," रणधीर म्हणाला. त्यानं हात बाहेर काढला, खिशातलं पेन घेतलं आणि छापलेल्या पानावरची आपली ओळ खोडून टाकली. खोडताना त्यानं फरहानाकडं बघितलं नाही, आणि फरहानानंही त्याला शाबासकी दिली नाही. जी ओळ लिहायलाच नको होती, ती खोडल्याची कसली शाबासकी.

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "पण मावशी, ठरलं किती?"

कडूबाईनं कापडाची घडी घातली.

"त्ये सांगायचं नसतंय," ती म्हणाली. "पर या बारीला मला ठाव हाय."